इतर बांधकामे, असल्यास

घराचं सोपं होतं.
दोन खोल्या, सोपा, स्वयंपाकघर,
बांधकामाचं वर्ष, चौरस फूट, भिंती विटांच्या.
सव्वीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात खतावणी लिहिली मी,
रकाने भरायला मला कुणी शिकवू नये.

पण खाली एक ओळ होती: इतर बांधकामे, असल्यास.
असल्यास काय, आहेतच.
गोठा, ज्यात आता म्हैस नाही, स्कूटर आहे.
न्हाणी, घरापासून अकरा पावलं.
मोटारीची खोली, दाराला कडी नाही, तार आहे.
आणि मागच्या सात गुंठ्यांत, रुईच्या झुडपांखाली,
दोन पेवं.

सुदर्शन बिरनाळेचं पेन थांबलं.
"काकू, पेवाची उंची काय लिहू?"
उंची नाही रे, खोली लिही. पंचवीस फूट.
त्यानं लिहिलं: खोल्या, दोन.
ती खोली नव्हे. खोल.
"छप्पर?"
माती.
"भिंती?"
मातीच.
"आणि दार?"
वरून. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं,
पोटात गाडीभर हळद.
त्यानं खोडून लिहिलं: खड्डे.
तेही मी खोडायला लावलं.

तीन ठिकाणचे आकडे आणले होते.
विश्रामबागेत, काचेच्या ऑफिसात, सात हजार सहाशे.
मुलगी गोड होती, पाणी दिलं,
पण हरिपूर म्हटल्यावर तिचं बोट
की-बोर्डच्या वर तसंच राहिलं.
"संगमाजवळ का?"
संगमाजवळच. कृष्णा-वारणा तिथं भेटतात,
एखाद्या वर्षी दोघी मिळून आमच्याकडे येतात,
स्विचबोर्डापर्यंत.
ती हसली नाही.
बँकेत पाच हजार दोनशे, पण नुसतं घर.
न्हाणी घरात येत नाही का?
"भिंत चिकटलेली पाहिजे, मॅडम."
म्हणजे रोज सकाळी टॉवेल घेऊन
मी अकरा पावलं विम्याच्या बाहेर चालते.

सुदर्शनचे चार हजार एकशे दहा.
गोठा धरून, न्हाणी धरून, मोटार धरून, पूर धरून,
जमीन सोडून.
"जमिनीचा उतरत नाही काकू. ती जळत नाही, पडत नाही,
चोरीला जात नाही."
चोरीला जात नाही?
त्याला पूर्वेच्या बांधावर नेलं.
जगन्नाथ हारगे दर साली नांगर वीतभर इकडं घेतो.
माझी शेवरी, लावली तेव्हा चार हात आत होती,
आता त्याच्या शेळीला सावली देते.
सुदर्शननं शेवरीकडं बघितलं, शेळीकडं बघितलं.
"ह्याला विमा नाही, मोजणी म्हणत्यात."

मग पाहणीला एक पोरगा आला, मिरजेचा, नवे बूट.
मोबाईलचा उजेड पाडून पेवाच्या तोंडाशी वाकला.
थांब, म्हटलं. आधी दिवा.
कंदील दोरीला बांधून सोडला.
बारा फुटांवर ज्योत बारीक झाली,
पंधरावर गेली.
वारा नाही, धूर नाही. नुसती गेली.
पोरगा दोन पावलं मागं सरला.
एवढी वर्षं एक पोतं ठेवलं नाही, म्हटलं,
तरी वास बघ.
त्यानं घेतला, डोळे मिटून घेतला,
आणि कागदावर लिहिलं: रिकामे. मूल्य शून्य.

ह्या वेळी मी खोडायला लावलं नाही.
शून्यच होतं म्हणून तर ही जागा मला परवडली,
पोकळ जमिनीवर घर कोण बांधतो?

बँकेपेक्षा एक हजार नव्वद वाचले.
त्यांच्या दोन शहाबादी फरश्या आणल्या,
पहारीनं सरकवत दोन्ही तोंडांवर बसवल्या.
हारग्याची शेळी इकडं येते आताशा, बांध ओलांडून,
आणि ती कुणाच्याच कागदात नाही.